भरीची ओळ

"तबला घेऊन चौकीवर यायचं," शिपाई म्हणाला. तुळशीपाशी उभं राहून त्यानं टोपी काढली आणि आतल्या पट्टीवरचा घाम अंगठ्यानं पुसून टाकला.

आई ओसरीवर आमसुलं वाळत घालत होती. तिनं मान वर केली नाही. "कसला तबला?"

"तुमच्या घरातला. तबला आणि डग्गा, दोन्ही. आणि वाजवणारा माणूस."

"वाजवणारा माणूस तुम्हीच नेऊन ठेवलाय. त्याच्यापुढं न्या तबला."

शिपाई आमच्याच गावचा, नदीकडच्या वाड्यावरचा. आईला तो लहानपणापासून मावशे म्हणायचा. त्यानं वाटेकडं एकदा बघून घेतलं आणि आवाज उतरवला. "मावशे, भांडू नको. शाबाचं पत्र अडकवलंय. त्यात गुप्त भाषा आहे म्हणतात. ता-ता तिट-तिट असलं काहीतरी. शाबा म्हणतो, तबल्याचे बोल आहेत. साहेब म्हणतो, मग कुणीतरी वाजवून दाखवा. तोवर त्याला अंधारकोठडीत घातलाय. आज दाखवलं नाही, तर आफ्रिकेच्या बोटीवर चढवणार."

आई उठली. हाताला लागलेला आमसुलांचा लाल रंग तिनं लुगड्याला पुसला आणि मग त्या डागाकडंच बघत राहिली.

मी दारात होते. म्हटलं, "दादालाच का नाही देत वाजवायला? आहे की तो तुमच्याच ताब्यात."

शिपायानं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली. "ते मला विचारू नको," म्हणाला, आणि निघून गेला.

शाबा माझा थोरला भाऊ. आमचं घर देवळाच्या सेवेतलं. बायांनी देवापुढं गायचं, पुरुषांनी सारंगी नाहीतर तबला वाजवायचा, असं पिढ्यांपासून चालत आलेलं. गोव्यात तेव्हा पाखल्यांचं, म्हणजे पोर्तुगीजांचं राज्य होतं. सरहद्दीपलीकडून पत्रकं यायची, ती गावोगाव पोचवणारी माणसं होती. दादा जत्रांना तबला वाजवायला फिरायचा, त्यामुळं त्याच्यावर कुणाची नजर नव्हती. डग्ग्याचं भांडं आतून पोकळ. दादा वरची चामड्याची पुडी उसवायचा, आत पत्रकं भरायचा, पुन्हा वादी ओढून पुडी ताणायचा. असा डग्गा बसक्या आवाजात बोलतो. एका नाक्यावरच्या पोलिसाला गाण्याचा कान होता, हे दादाचं नशीब. त्यानं नुसती टिचकी मारली आणि डग्गा सुरीनं फाडला.

तेव्हापासून दादा समुद्रावरच्या किल्ल्यात होता. महिन्याला त्याचं एक पत्र यायचं. आमच्या घरात कुणाला अक्षर येत नव्हतं. भिकू शेट दुकानात, वजनकाट्याच्या मागं उभं राहून वाचून दाखवायचा. खोकला बरा आहे. आईनं काळजी करू नये. मग काळ्या शाईनं पुसलेल्या ओळी. त्या आल्या की भिकू शेट म्हणायचा, "इथं सरकारनं डांबर ओतलंय," आणि पुढं जायचा. आणि सगळ्यात खाली, केसरसाठी, म्हणजे माझ्यासाठी, म्हणून बोल असायचे.

"धा धा तिट धा धा तू ना," भिकू शेट वाचायचा. "हे काय गो केसर? मंत्र की शिव्या?"

"परत वाचा, शेट."

"एकदा वाचलं की."

"परत वाचा ना."

गिऱ्हाईक खोळंबायचं, शेट वैतागायचा, पण वाचायचा. मी ऐकून पाठ करायची आणि घरी जाताना मांडीवर वाजवत जायची. केस पिकल्यावर पंचायतीच्या वर्गात मी अक्षरं शिकले, तेव्हा ती सगळी पत्रं काढून एकेक करून वाचली. डांबराखालच्या ओळी मला तेव्हाही वाचता आल्या नाहीत.

तबला मी शिकले ती दादाच्या पाठीमागं बसून. आमच्या बाबांची शिकवण्याची रीत कडक होती. एका वेळी एकच हात. दादाचा उजवा हात पंच्यानं कमरेला बांधायचे आणि दिवसभर नुसता डग्गा घोटवून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी डावा बांधायचे. उजव्या हाताचा नुसता 'ता'. त्यात डग्ग्याची घुमक मिसळली की त्याचा 'धा' होतो. बाबा पान खायला उठले की दादा हळूच म्हणायचा, "केसर, माझा डावा हात हो." मी सरकून डग्ग्यावर बसायची. तो 'ता' वाजवायचा, मी घुमक द्यायची, दोघांचा मिळून 'धा' व्हायचा. बाबांची चाहूल लागली की मी पुन्हा खांबाआड. त्यांना ठाऊक होतं असं आता वाटतं. पण बाईनं तबल्याला हात लावायचा नाही, म्हणून त्यांनी कधी विचारलं नाही.

शिपाई गेल्यावर आई म्हणाली, "गोविंदाकडं जा. तो येईल."

गोविंदमामा आईचा चुलतभाऊ. दादाच्या मागं देवळात तोच तबला वाजवायचा. मी पोचले तेव्हा मामा पडवीत बसून पाय शेकत होता. माझं ऐकून घेतल्यावर त्यानं पाय आणखी जवळ ओढले.

"माझे सांधे धरलेत."

"बैलगाडीनं जाऊ, मामा."

"गाडीत धक्के बसतात."

"मग दादाला आफ्रिकेला जाऊ द्यायचं?"

"असं कुणी म्हटलं?" मामा चिडला. "पण मी चौकीत गेलो की माझं नाव लिहून घेतील. उद्या माझा तबला फाडतील. केसर, मला चार पोरी आहेत गो."

मी तिथंच उभी राहिले. मामा शेकोटीत काडी खुपसत राहिला. शेवटी आत गेला आणि स्वतःचा डग्गा घेऊन बाहेर आला. आमचा फाडला होता, हे त्याला माहीत होतं.

"हा ने. पण माझा आहे असं सांगू नको." मग माझ्या हातांकडं बघून म्हणाला, "कोण वाजवणार?"

"मी."

"तू?" तो हसला नाही. "पुडीला पाणी लागू देऊ नको."

घरी आई म्हणाली, "लोक काय म्हणतील?"

"चौकीत कुठं लोक असतात, आई?"

"देव असतो सगळीकडं." असं म्हणत तिनंच डग्गा फडक्यात बांधला, तबला दुसऱ्या फडक्यात बांधला, चुंबळी घातल्या, हातोडी घातली. गाठ मारताना म्हणाली, "नीट बस. मांडी उघडी टाकू नको. आणि घाई करू नको, तुझी लय पळते."

माझी लय पळते, हे तिला कसं ठाऊक, ते मी विचारलं नाही.

वाटेत मी सारखी बोटं मोजत होते. आफ्रिकेची बोट नव्हे, हाताची बोटं. अंगठ्यानं एकेक बोट चेपत होते, हात गार पडू नये म्हणून. डोक्यात एकच भीती होती. बोल अवघड असले तर? दादाला तुरुंगात दुसरं काम काय, त्यानं एखादा भलताच कायदा, म्हणजे बोलांची रचना, बांधला असेल आणि माझ्या हातांना झेपला नाही तर? मी अडखळले की साहेब म्हणणार, बघा, हे वाजतच नाही.

चौकीत टेबलामागं पाखलो साहेब बसला होता. गोरा, जाडा, मानेवर घामोळ्या. शेजारी दुभाषी होता. इनास त्याचं नाव. बार्देशकडचा ख्रिस्ती, पोक्त, काळा कोट घातलेला, कॉलर उसवलेली. कैद्यांची पत्रं तोच वाचून साहेबाला सांगायचा. टेबलावर दादाचं पत्र होतं. अक्षर येत नसलं तरी मी ते लांबून ओळखलं. दादाची अक्षरं उजवीकडं झुकलेली असायची, वाऱ्यातल्या भातासारखी.

साहेब काहीतरी बोलला. इनास म्हणाला, "पुरुष कुठं आहे, असं विचारतात."

"पुरुष आजारी आहे. मी शाबाची बहीण. मला येतं."

साहेबानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग डग्ग्याकडं बोट केलं. शिपायानं तो उचलून हलवला, कानाशी धरला, पुन्हा हलवला. साहेबानं खिशातून चाकू काढून टेबलावर ठेवला.

मी म्हटलं, "फाडलात तर वाजणार नाही. मग मी कशाला आले?"

इनासनं ते सांगितलं. माझ्यापेक्षा पुष्कळ लांब आणि पुष्कळ गोड करून सांगितलं असावं. साहेबानं चाकू मिटला.

मी जमिनीवर बसले. चुंबळी मांडल्या, त्यावर तबला-डग्गा ठेवला. हातोडी काढली तेव्हा शिपाई दचकला. तबला सुरात आणायला मला वेळ लागला. इनास मान तिरकी करून ऐकत होता. मी हातोडीनं तबल्याच्या लाकडी गठ्ठ्यावर शेवटचा ठोका मारला तेव्हा त्यानं किंचित मान हलवली. सूर लागलाय हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

"वाचा, इनासबाब," मी म्हटलं.

त्यानं चष्मा चढवला. "ता. ता. तिट. ता. ता. तू. ना."

मी हसणार होते. सोपा होता, अगदी पोरांना शिकवतात तसला. ही खालीची ओळ. कायदा दोन ओळींचा असतो, एक भरीची आणि एक खालीची. भरीत डग्गा बोलतो. खालीत तो गप्प बसतो, उजवा हात एकटा चालतो, आणि मग डग्गा परत येतो. ऐकणारा त्या परत येण्याचीच वाट बघत असतो. दादानं खाली आधी लिहिली होती, एवढंच.

"पुढं?"

"ता. तिट. ता. ता. तिट."

"पुढं?"

"ता. ता. तिट. तिट. ता. तू. ना."

माझा डावा हात डग्ग्यावर टेकलेला होता. त्याला काही कामच येईना.

"पुढं वाचा."

"संपलं की," इनास म्हणाला. "पुढं आईला नमस्कार."

"भरी कुठं आहे?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"काय कुठं आहे?"

"काही नाही. परत वाचा."

त्यानं परत वाचलं. मी डोळे मिटून ऐकलं. मग तिसऱ्यांदा वाचायला लावलं. साहेब बोटांनी टेबल वाजवायला लागला. एकही 'धा' नव्हता. एक घुमक नव्हती. दादानं आजवर पाठवलेला एकही कायदा असा नव्हता. आणि दादा विसरणाऱ्यातला नव्हता. बाबांनी पंच्यानं हात बांधून शिकवलेला माणूस भरीची ओळ कशी विसरेल? मी शिपायाकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत नव्हता. तो सकाळसारखा जमिनीकडं बघत होता.

"वाजव," साहेब मराठीतच म्हणाला. एवढा शब्द त्याला येत होता.

मी वाजवलं. पण जे ऐकलं ते वाजवलं नाही.

धा धा तिट धा धा तू ना. डग्गा असा घुमला की टेबलावरची दौत हलली. धा तिट धा धा तिट. मग खालीची ओळ, जशी लिहिली होती तशी, नुसत्या उजव्या हातानं. मग पुन्हा भरी. आईनं सांगितलं होतं घाई करू नको, पण माझे हात ऐकेनात. दुगुन केली, म्हणजे लय दुप्पट. साहेबाची मान हलायला लागली होती. त्याला कळत नव्हतं की ती हलतेय.

"थांब," इनास म्हणाला.

मी थांबले. त्यानं पत्रावर बोट ठेवलं होतं. हलक्या आवाजात, कोकणीत म्हणाला, "इथं 'ता' लिहिलंय. तू वाजवतेस ते 'ता' नाही. त्यात दुसरा आवाज आहे. हा, मोठा."

"लिहायची तशीच रीत आहे, इनासबाब. खाली तेवढी लिहायची. भरी वाजवणाऱ्यानं आपली भरून घ्यायची."

"सगळे तसंच लिहितात?"

"सगळे."

"मागच्या पत्रांत तसं नव्हतं," इनास म्हणाला. "मागची पत्रंही मीच वाचली आहेत."

साहेबानं विचारलं, काय झालं? इनासनं चष्मा काढला, कोटाच्या टोकानं पुसला, सावकाश पुसला. मग तो साहेबाशी बोलायला लागला. लांब बोलला. हातानं हवेत पायऱ्या केल्या, व्हायोलीनचा गज ओढल्यासारखं केलं. साहेब आधी भुवया चढवून ऐकत होता, मग हसला. त्यानं शिक्का उचलला आणि दादाच्या पत्रावर हाणला. तो ठोका नेमका समेवर पडावा तसा मला वाटला.

पत्र माझ्या हातात दिलं. मी तबला-डग्गा बांधला. गाठ बसेना. शिपायानं वाकून गाठ मारून दिली.

मी आंब्याखाली गाडीची वाट बघत उभी होते तेव्हा इनास बाहेर आला. त्यानं विडी पेटवली. माझ्याकडं न बघता रस्त्याकडं बघत म्हणाला, "मी इगर्जीत प्रार्थनेच्या वेळी व्हायोलीन वाजवतो. वडीलही वाजवायचे. लिहिलेलं एक आणि वाजलेलं दुसरं असलं, तर मला कळतं गो बाय."

मी डग्ग्याच्या फडक्याची गाठ चाचपली.

"साहेबाला सांगितलं, हे आमच्या दो-रे-मी सारखं आहे. पोरांचा धडा आहे. पटलं त्याला." त्यानं धूर सोडला. "आता मला सांग. तो मोठा आवाज कुठल्या हाताचा?"

"डाव्या."

विडी त्याच्या बोटांत तशीच राहिली. मग त्यानं स्वतःचा डावा हात उघडला आणि मिटला. व्हायोलीनवाल्याचा डावा हात, तारांवर फिरणारा.

"बोटं, की सगळा हात?"

"ते लिहिलेलं नाही," मी म्हटलं, आणि तिथंच, भर रस्त्यात, मला रडू फुटलं. किल्ल्यात काय झालं हे लिहिलं की काळी शाई पडायची. दादानं काळ्या शाईला दिसणार नाही असं लिहिलं होतं. डग्गा त्यांनी आधी फाडला होता, आणि मग डग्गा वाजवणारा हात.

"रडू नको," इनास म्हणाला. "खिडकी आहे चौकीला. हे त्यानं बाहेर कळवलं असं त्यांना समजलं, तर दुसरा हात आहे अजून." त्यानं विडी पायाखाली विझवली. "उत्तर पाठवशील तेव्हा माझ्याच टेबलावर येईल. काय पाठवायचं ते पाठव."

घरी आल्यावर आईनं विचारलं, "वाजला?"

"वाजला."

"शाबा बरा आहे ना?"

"बरा आहे," मी म्हटलं. "आफ्रिकेला नेत नाहीत." तिनं माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं, मग गोविंदमामाचा डग्गा हातात घेऊन पुडी तपासली, ओल लागली नाही ना म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी भिकू शेटच्या दुकानात गेले. "शेट, पत्र लिहायचंय."

"सांग."

"आई बरी आहे. आमसुलं चांगली झाली. आता बोल लिहा. गे गे. क. गे गे. गे. क."

शेटनं लेखणी थांबवली. "हे काय गो, पावसातला बेडूक?"

"लिहा ना, शेट."

"ते ता ता तरी बरं होतं. ह्यात नुसतं डराव डराव." पण त्यानं लिहिलं. नुसता डग्गा. उजव्या हाताचा एकही बोल मी घातला नाही. दादानं जी ओळ पाठवली होती, तिच्यावर हा डग्गा बरोबर बसत होता. मी वाटेत मांडीवर दोन्ही एकत्र वाजवून बघितलं होतं.

पुढच्या पत्रात बोल नव्हते. खोकल्याचं होतं, आईला नमस्कार होता. शेवटी शेटनं वाचलं, "केसरला सांगा, बेडूक पोचला." शेट माझ्याकडं बघतच राहिला. "मी बेडूक म्हटलं ते ह्याला कुणी सांगितलं?"

कुणी सांगणार? शेटनंच पत्राच्या कडेला, आपल्या हातानं, माझी थट्टा म्हणून बेडूक काढला होता. तो ते विसरला होता, आणि मला ते चित्र दिसलंच नव्हतं. इनासनंही पुसलं नव्हतं.

त्यानंतर बोल कधीच आले नाहीत. पत्रं येत राहिली. मी रोज दुपारी दार लावून वाजवायची, नुसता डग्गा. आई बाहेर बसायची, आणि कुणी आलं तर मोठ्यानं खोकायची.

पाखले गेले त्या थंडीत दादा घरी आला. खांद्यावर पंचा होता आणि डावा हात त्या पंच्याखाली होता. आईनं त्याला बसवलं, पेज दिली. त्यानं उजव्या हातानं खाल्ली. आई समोर बसून त्या पंच्याकडं बघत होती आणि विचारत नव्हती. मग तीच उठली, पंचा काढून घेतला आणि धुवायच्या कपड्यांत टाकला, जसा काही तो नुसता मळलेला पंचा होता. दादाची चार बोटं तळहाताकडं वळून बसली होती. उघडत नव्हती.

पेज संपवून त्यानं हात धुतला. ओसरीवर तबला होता. शेजारी डग्गा, नवा, मी गोविंदमामाकडून पुडी चढवून घेतलेला. दादा तबल्यापुढं बसला. पुडीच्या कडेची चाट तपासली, मधल्या काळ्या शाईवरून बोट फिरवलं. हातोडी उचलली, सूर लावला. मग इकडंतिकडं बघितलं, लहानपणी बाबांची चाहूल घ्यायचा तसं.

"माझा डावा हात कुठाय गो?"

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. हाताला पीठ होतं. ते न धुताच येऊन डग्ग्यावर बसले.

त्यानं मान हलवली. त्याचा 'ता' पडला, माझी घुमक मागून आली. दोन वेगळे आवाज झाले. दादाला बघायला अंगणात जमलेल्या लोकांत कुणीतरी चुकचुकलं. गोविंदमामानं मान खाली घातली.

दादा हसला. इतक्या वर्षांत त्याचे पुढचे दोन दात गेले होते, ते मला तेव्हा दिसलं.

"तुझी लय अजून पळते," तो म्हणाला. "परत."